ग्रंथालय सेवकांचं प्रशिक्षण : आधी अडलेलं काम शोधा, मग वर्ग निवडा

अनेक अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांत सेवकाच्या फाइलमध्ये चार-पाच प्रमाणपत्रं असतात, आणि दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकासह चढवायची वही) मात्र तीन महिने मागे असते. कार्यशाळेचं पत्र येतं, कार्यवाह म्हणतात 'या वेळी तुम्ही जाऊन या', सेवक जातो, परत येतो, प्रमाणपत्र फाइलला लागतं. काय शिकून यायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून हा क्रम उलटा करायचा. पुढची माहिती मुख्यतः गाव-तालुक्यातल्या, शासनाच्या अ ते ड वर्गवारीत ब, क आणि ड वर्गांत येणाऱ्या ग्रंथालयांसाठी आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या पदोन्नतीचं गणित वेगळं, त्यासाठी मध्ये एक परिच्छेद दिला आहे.

काम कुठे अडतं ते कसं कळेल

एक दुपार राखून ठेवा. नव्या खरेदीतली दहा पुस्तकं मुद्दाम वेगवेगळ्या प्रकारची निवडा: दोन कादंबऱ्या, एक अनुवाद, एक संपादित लेखसंग्रह, टोपणनावानं लिहिलेला कवितासंग्रह, बालसाहित्य, स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक, एक कोश, एक पुनर्मुद्रण आणि एक दिवाळी अंक. सेवकाला दाखल नोंदीपासून पुस्तक कपाटात लागेपर्यंतचं सगळं काम करू द्या. शेजारी बसून वेळ टिपा आणि हात कुठे थांबतो ते टिपा. टोकू नका.

थांबण्याच्या जागा बहुतेक ठिकाणी त्याच असतात. अनुवादाची मुख्य नोंद मूळ लेखकाच्या नावावर करायची की अनुवादकाच्या? (मूळ लेखकाच्या, अनुवादकाच्या नावाची दुय्यम जोडनोंद.) संपादित संग्रहाला लेखक कोण? 'कुसुमाग्रज' आणि 'शिरवाडकर, वि. वा.' या दोन नावांची पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत गेली आहेत का? दिवाळी अंक दाखल नोंदवहीत चढवायचा की नियतकालिकांच्या नोंदीत?

मग उलटतपासणी. दाखल नोंदवहीतले कोणतेही वीस क्रमांक घेऊन ती पुस्तकं कपाटात किंवा देवघेवीत सापडतात का पाहा. त्यानंतर कपाटातली कोणतीही वीस पुस्तकं उचलून ती नोंदवहीत आहेत का पाहा. पहिल्या यादीत तूट आली तर पडताळणी आणि बाद करण्याची पद्धत ढिली आहे. दुसरीत आली तर दाखल करण्याचं काम मागे पडलंय किंवा देणगीची पुस्तकं नोंदीविना कपाटात गेली आहेत. शेवटी देवघेवीच्या टेबलाशी गर्दीच्या वेळी तासभर बसा आणि वाचकांचे जे प्रश्न उत्तराविना परत गेले, ते लिहून काढा.

हाती आलेल्या यादीचे तीन भाग पाडा: पाया कच्चा असल्यामुळे अडणारं काम, एखादं कौशल्य दोन ते पाच दिवसांत शिकून सुटणारं काम, आणि ग्रंथालयातच दीड तासात शिकवता येणारं काम. तिसरा भाग सर्वांत मोठा निघतो. आणखी एक चौथा भाग निघेल, तो मंडळाला आवडणार नाही: प्रशिक्षणाशी काही संबंध नसलेली कामं. एकच सेवक रोज तीन तास ग्रंथालय उघडत असेल आणि त्यातच झाडलोट, वर्गणी वसुली आणि देवघेव करत असेल, तर त्याला वर्गीकरणाच्या कार्यशाळेला पाठवून वर्गीकरण होणार नाही. तिथे आठवड्यातून एक दिवस देवघेव बंद ठेवून फक्त नोंदीचं काम करू देणं हाच इलाज.

पाया पक्का करणारे अभ्यासक्रम

ज्यानं ग्रंथालयशास्त्र कधीच शिकलेलं नाही त्यानं सुरुवात प्रमाणपत्र अभ्यासक्रमानं करावी. आपल्याकडे त्याला सी.लिब. म्हणतात. वर्ग जिल्हा ग्रंथालय संघांसारख्या संस्था चालवतात, परीक्षा ग्रंथालय संचालनालयाची. प्रवेशाची सूचना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लागते. अर्जाची मुदत थोडी असते, त्यामुळे उन्हाळ्यापासूनच तिथे विचारत राहावं. जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित जाणं जमत नसेल तर इग्नूचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, तो बारावीनंतर करता येतो. मात्र पुस्तकं इंग्रजी-हिंदीत येतात, हे धरून चाला.

पदवीधराला पुढचा टप्पा बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी करणाऱ्यांना सोयीचं पडतं. इग्नूत प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात, सत्रांत परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. या अभ्यासक्रमांत लोक नापास होण्यापेक्षा रखडतात जास्त, आणि रखडण्याचं कारण बहुतेक वेळा स्वाध्याय, म्हणजे घरी लिहून पाठवायचे प्रश्नसंच. शेवटच्या आठवड्यावर ठेवलेले स्वाध्याय वेळेत पोहोचत नाहीत आणि परीक्षा पुढच्या सत्रावर जाते. प्रवेश मिळाला त्याच महिन्यात स्वाध्यायांचे प्रश्न काढून घ्यावेत आणि दर पंधरा दिवसांनी एक संपवावा. दुसरं कारण प्रात्यक्षिक. वर्गीकरण (पुस्तकाला विषयाचा क्रमांक, म्हणजे वर्गांक, देणं) आणि तालिकीकरण (शोधायच्या यादीत, म्हणजे तालिकेत, पुस्तकाची नोंद करणं) यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पाठांतर कामी येत नाही. रोज पाच पुस्तकांचे वर्गांक स्वतः काढून मग ते मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेशी ताडून पाहणं, एवढा एकच सराव तीन महिने केला तरी पुरतो.

दूरस्थ पदवीला पैसे भरण्याआधी ती संस्था आणि तोच अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या शैक्षणिक वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहा. संस्थेला मान्यता आहे म्हणजे तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे असं नसतं. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असंही नाही. गल्लीतल्या 'अभ्यास केंद्रा'च्या फलकावर तर मुळीच विसंबू नका.

एम.लिब. ही पदव्युत्तर पदवी सगळ्यांना लागत नाही. ड वर्गाच्या ग्रंथालयात राहून काम करायचं असेल तर तो वेळ आणि पैसा संगणकीकरण शिकण्यात घालणं आमच्या मते जास्त उपयोगी. महाविद्यालयात किंवा शासकीय ग्रंथालयात जायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी.

महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी: २०१८च्या यूजीसी नियमावलीत वेतनश्रेणीच्या लेव्हल १०वरून ११वर जायला सेवेच्या वर्षांबरोबर (पीएच.डी. असल्यास चार, एम.फिल. असल्यास पाच, नाहीतर सहा) २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कोर्स आणि ऑटोमेशन-डिजिटायझेशनसारख्या विषयावरचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण मागितलं आहे. दोन-दोन दिवसांच्या तीन कार्यशाळा जोडून पाच दिवस होतील असं धरून चालू नका. प्रमाणपत्रावर सलग कालावधी छापलेला असावा. पूर्वीची मनुष्यबळ विकास केंद्रं आता मालवीय मिशनच्या नावानं चालतात, नोंदणी ऑनलाइन होते. अर्ज करण्याआधी आपल्या विद्यापीठाचं ताजं परिपत्रक पाहून घ्या.

लहान मुदतीचे वर्ग : कुठे शोधायचे

कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून सार्वजनिक ग्रंथालयांसाठी काम करतं. बहुतेक सेवकांना ते पुस्तकांच्या मदतीपुरतं माहीत असतं, पण चर्चासत्रं, कार्यशाळा आणि प्रशिक्षणासाठीही त्यांच्या योजना आहेत. एकट्या ग्रंथालयानं धडपडण्यापेक्षा जिल्हा संघानं अर्ज करून तालुक्यातल्या तीस-चाळीस सेवकांचा वर्ग भरवणं जास्त जमतं. संघाच्या बैठकीत हा विषय मांडायचं काम कुणीतरी केलं पाहिजे, एवढंच.

गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र विद्यापीठ-महाविद्यालयांसाठी आहे. सोल हे त्यांचं ग्रंथालय सॉफ्टवेअर. त्याचं प्रशिक्षण तेच देतात. सार्वजनिक ग्रंथालयातल्या सेवकाला तिथला थेट उपयोग कमी, पण ई-पीजी पाठशाळा या संकेतस्थळावरचे ग्रंथालयशास्त्राचे पाठ सर्वांना फुकट वाचता येतात. बी.लिब. करणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत.

स्वयम्‌ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर शिकणं फुकट असतं. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची नोंदणी ही अभ्यासक्रमाच्या नोंदणीहून वेगळी असते, आणि तिथेच माणसं चुकतात: सगळे व्हिडिओ पाहतात, स्वाध्याय देतात, परीक्षेचा अर्ज मात्र राहून जातो. अभ्यासक्रमाच्या पानावरची अंतिम तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. इंग्रजी वाचता येत असेल तर ओसीएलसी या अमेरिकी ग्रंथालय संस्थेचं वेबजंक्शन हे प्रशिक्षणाचं संकेतस्थळ पाहण्यासारखं आहे. तिथले बालविभाग, अवघड वाचकाशी बोलणं, जुनी पुस्तकं बाद करणं यांवरचे लहान पाठ व्यावहारिक आहेत. अमेरिकी संदर्भ सोडून द्यायचे.

जुनी हस्तलिखितं किंवा पोथ्या असलेल्या ग्रंथालयांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख अभ्यास विद्यालयाकडे चौकशी करावी. तिथे जतन आणि दुरुस्तीचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. अशा ग्रंथालयाला जतन शिकलेला एक माणूस असणं चैनीचं नाही.

वेबिनारबद्दल एकच: जिथे शेवटी गुगल फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र येतं आणि मधले दोन तास आवाज बंद करून दुसरं काम करता येतं, ते प्रशिक्षणाच्या नोंदीत धरू नका.

संगणकीकरणाचं प्रशिक्षण : इथे वेळ द्या

सार्वजनिक ग्रंथालयांत आज जास्तीत जास्त विचारणा होते ती कोहा आणि ई-ग्रंथालय या ग्रंथालय सॉफ्टवेअरांची. कोहा १९९९मध्ये न्यूझीलंडच्या एका ग्रंथालय संस्थेसाठी लिहिलं गेलं. मुक्त आणि फुकट आहे. ई-ग्रंथालय एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचं. कोणतंही निवडा, पण प्रशिक्षणाला जाण्याआधी निवडा. दोन्हींचे अर्धे-अर्धे वर्ग करून आलेला सेवक दोन्हींत अर्धवट राहतो.

कोहाच्या वर्गात पहिला दिवस बहुतेकदा सॉफ्टवेअर बसवण्यात जातो. ते काम सेवकाचं नाही, स्थानिक संगणकवाल्याकडून करून घेता येतं. सेवकाला यायला हवं ते असं: नवं पुस्तक नोंदवणं, प्रत जोडणं, सभासद भरणं, देवघेव, पडताळणी, अहवाल काढणं आणि बॅकअप. आयोजकांना आधीच विचारा की प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आहे का, आणि सराव मराठी पुस्तकांवर होणार आहे का. दोन्हींची उत्तरं 'नाही' आली तर तो वर्ग सोडा.

जाण्यापूर्वी मार्कच्या (पुस्तकाची नोंद संगणकात ठेवण्याच्या प्रमाणित रचनेच्या) एवढ्या टॅगांची, म्हणजे क्रमांकित रकान्यांची, ओळख असली की वर्ग अंगावर येत नाही: ०२० आयएसबीएन, ०४१ भाषा, ०८२ वर्गांक, १०० लेखक, २४५ शीर्षक, २५० आवृत्ती, २६० प्रकाशन, ३०० पृष्ठसंख्या, ६५० विषय, ७०० अनुवादक-संपादक. कोहात प्रतीची माहिती ९५२मध्ये जाते: दाखल क्रमांक किंवा बारकोड, किंमत, कपाट, वर्गांक. ग्रंथ एक आणि प्रती तीन असतील तर ग्रंथाची नोंद एकदाच करून ९५२ तीनदा जोडायचा असतो. हे न कळल्यामुळे एकाच कादंबरीच्या तीन स्वतंत्र नोंदी झालेल्या तालिका सर्रास दिसतात.

परत आल्यावर सरावासाठी आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरे. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये चार जीबी रॅम देऊन डेबियन किंवा उबुंटूवर कोहा बसवून घ्या आणि पन्नास पुस्तकं घाला. चुकलं तर पुसून पुन्हा करता येतं. खऱ्या तालिकेवर शिकू नये.

आता मराठी माहितीचा प्रश्न. याबद्दल वर्गात क्वचितच बोलतात, आणि पुढे सगळा घोळ इथेच होतो.

पहिली गोष्ट फॉन्ट. ग्रंथालयाची यादी दहा-पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप झालेली असेल, तर ती पडद्यावर मराठी दिसते पण आत इंग्रजी चिन्हंच असतात. ती तशीच कोहात घातली तर काहीच शोधता येत नाही. आधी परिवर्तकानं युनिकोडमध्ये आणावी लागते आणि मग प्रत्येक ओळ माणसानं वाचावी लागते. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत परिवर्तक हमखास चुकतात. एका माणसाला तासाला किती ओळी तपासून होतात ते आधी शंभर ओळींवर मोजा आणि त्यावरून मंडळाला तारीख सांगा.

दुसरी गोष्ट एक्सेल. तयार यादी साध्या सीएसव्हीत साठवली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडायचा, आणि मूळ एक्सेल फाइल वेगळी राखायची. आयएसबीएनचा तेरा आकडी क्रमांक एक्सेल ९.७८ई+१२ असा करून टाकतं, दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं खातं. माहिती भरण्याआधीच ते स्तंभ 'टेक्स्ट' करून ठेवा. भरल्यानंतर केलं तर गेलेली शून्यं येत नाहीत. अशी शुद्ध यादी मार्कएडिट या सॉफ्टवेअरमधून मार्क रूपात नेता येते. पहिल्या खेपेला फक्त वीस नोंदी आत घेऊन पाहा.

तिसरी गोष्ट टंकलेखनाची, आणि ती सर्वांत फसवी. 'ॲ' हे अक्षर तीन प्रकारे टाइप होतं: स्वतंत्र ॲ, अ वर ॅ, किंवा ऍ. पहिल्या दोनांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द असतात. 'दुसऱ्या', 'कादंबऱ्या' यांतला अर्धा र कुणी नुक्त्याच्या ऱ नं काढतो, कुणी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. म्हणजे 'ऱ्हस्व' शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक कपाटात असूनही तालिकेत मिळत नाही. नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक (शक्यतो इनस्क्रिप्ट) आणि एकच पद्धत ठरवावी, आणि तो अर्ध्या पानाचा नियम टेबलावर चिकटवावा. नावांचंही तसंच: 'वि.वा.', 'वि. वा.' की 'विष्णु वामन'? एक ठरवा. प्रशिक्षकाला हेही विचारा की कोहाची झेब्रा ही शोधाची अनुक्रमणिका आयसीयू (युनिकोड अक्षरं ओळखणाऱ्या) पद्धतीनं लावली आहे का. देवनागरी शोधासाठी ती लागते.

बॅकअप शिकून येणं पुरेसं नाही, तो परत बसवून पाहिला पाहिजे. कोहा रोज रात्री स्वतः बॅकअप घेतं, पण तो त्याच संगणकावर राहतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर प्रत घ्या, आणि तीन महिन्यांतून एकदा ती सरावाच्या लॅपटॉपवर बसवून उघडते का बघा.

ग्रंथालयातच चालणारा दीड तास

महिन्यातून एकदा, सुट्टीच्या वारी, दीड तास. एक विषय, एकच. पहिली वीस मिनिटं एकानं सांगायचं, पुढचा तासभर सगळ्यांनी हातानं करायचं, शेवटची दहा मिनिटं ठरलेले नियम लिहून काढायचे. एकच सेवक असेल तर शेजारच्या दोन-तीन गावांच्या ग्रंथालयांनी मिळून आळीपाळीनं भरवावं.

वर्गीकरणाच्या तासाला एक प्रश्न हमखास घ्या. ड्युई दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३. गावच्या ग्रंथालयात निम्म्याहून अधिक पुस्तकं याच आकड्यावर येतात, म्हणजे वर्गांक लावूनही कपाट लागत नाही. पुस्तकातली उदाहरणं इथे मदत करत नाहीत. लेखकाच्या आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरं वर्गांकाखाली घाला, रहस्यकथा, ऐतिहासिक, अनुवादित असे चार-पाच स्थानिक गट करून कण्यावर रंगीत पट्टी लावा, आणि हा निर्णय लिहून ठेवा. पुढचा ग्रंथपाल तो मोडणार नाही याची तेवढीच हमी.

पुस्तक दुरुस्तीचा तास स्थानिक बाइंडरला बोलावून करावा. सेलोटेपवर बंदी इथूनच सुरू करा: त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि अक्षरांसकट निघतो. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागद आणि खळ. एक भाग मैदा पाच भाग थंड पाण्यात गाठी न राहता कालवून मंद आचेवर सतत ढवळा. पारदर्शक झाली की उतरवा, गार करून गाळा. दोन दिवसांत संपवा, आंबलेली वापरू नका. लावलेल्या पानाच्या दोन्ही बाजूंना टिपकागद ठेवून वजनाखाली रात्रभर. खळ जास्त झाली की पान सुरकुततं आणि पुढे कसर तिथेच लागते, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडाच हवा.

ठराव, पैसे, रजा

सेवकाला पाठवण्याचा ठराव कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात असू द्या: वर्गाचं नाव, तारखा, शुल्क, प्रवासखर्च, त्या दिवसांचं वेतन चालू राहील हे स्पष्ट वाक्य, आणि बदली कोण बसणार. तोंडी परवानगीवर गेलेल्या सेवकाचं बिल लेखापरीक्षणात अडतं. हा खर्च अनुदानातून कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हे जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला आधी लेखी विचारा. नाहीतर वर्गणी किंवा देणगीच्या रकमेतून करा. फेब्रुवारी-मार्च सोडून द्या. हिशेब, खरेदी, पडताळणी सगळं तेव्हाच असतं आणि पाठवलेला माणूस फोनवरच असतो.

पाळीपाळीनं पाठवण्याची पद्धत न्याय्य वाटते, पण तिनं कुणालाच काही पुरतं येत नाही. संगणकाला एक, बालविभागाला एक असं वाटून द्या. देवघेव सांभाळणाऱ्या निर्गम सहायकालाही पाठवा. वाचकाशी रोज बोलतो तो; वर्गाला मात्र नेहमी ग्रंथपालच जातो.

परत आल्यावर

पंधरा दिवसांच्या आत शिकलेलं एक काम पूर्ण झालं पाहिजे, आणि ते जाण्याआधीच ठरलेलं असावं. 'कोहा शिकून येणे' हे काम नव्हे. 'बालविभागाची पहिली शंभर पुस्तकं कोहात, बारकोडसह' हे काम. त्यासाठी रोज दीड तास देवघेवीतून सूट द्या. महिना उलटला की शिकलेलं निम्मं विसरलेलं असतं. सेवकानं आणलेल्या टिपणांची एक प्रत ग्रंथालयाच्या फाइलला लावावी, वहीत घरी नेऊ नये. तो उद्या नोकरी सोडून गेला तर टिपणं तरी राहतात.

प्रशिक्षण नोंदवहीत सात रकाने पुरे: तारीख, सेवक, वर्ग, आयोजक, खर्च, परत आल्यावर करायचं काम, ते पूर्ण झाल्याची तारीख. शेवटचा रकाना तीन महिने कोरा राहिला, तर पुढच्या वर्गाच्या ठरावाआधी तो का कोरा आहे ते मंडळाच्या बैठकीत विचारा. निम्म्या वेळा उत्तर निघतं की प्रिंटरची शाई आणायला कुणी पैसेच मंजूर केले नव्हते.